अभयाचे गाव

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर ॲपलक्रॉस नावाची एक लहानशी वस्ती आहे. समोर समुद्र, त्यापलीकडे रासे व स्काय ही बेटे आणि मागे उंच डोंगर. किनाऱ्यालगत पांढऱ्या घरांची एक रांग दिसते. डोंगर ओलांडून येणारा रस्ता ६२६ मीटर उंचीच्या खिंडीतून उतरतो. पूर्वी या वाटेने गुरे नेत असत. म्हणून गेलिक भाषेत तिला ‘गुरांची खिंड’ असे नाव आहे.

‘ॲपलक्रॉस’ म्हणताच इंग्रजी जाणणाऱ्यास सफरचंद व क्रूस आठवतात. परंतु या नावाचा सफरचंदाशी काही संबंध नाही. आयर्लंडच्या जुन्या बखरींत या स्थळाचा उल्लेख ‘अपोरक्रोसान’ असा आढळतो. पिक्ट नावाच्या प्राचीन लोकांच्या भाषेत ‘अपोर’ म्हणजे नदीचे मुख. क्रोसान नदी जेथे समुद्रास मिळते, ते हे ठिकाण. पुढे पिक्टांची भाषा लोपली, शब्दाचा अर्थ कोणास उमगेना आणि इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याला आपल्या ओळखीच्या शब्दांचे रूप दिले.

गेलिक भाषिक मात्र या गावाला ‘अ खोमरिख’ म्हणतात. त्याचा अर्थ अभयस्थान. इ. स. ६७३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या मेलरुबा या ख्रिस्ती साधूने येथे मठ स्थापिला. मठाभोवतीची सुमारे ६ मैलांची भूमी अभयक्षेत्र मानली जाई. जिवाच्या भीतीने पळत आलेला मनुष्य तिच्या सीमेत शिरला, की त्याच्यावर कोणी शस्त्र उगारू नये, असा दंडक होता. इ. स. ७२२ मध्ये मेलरुबा निवर्तला. आज तो मठही उरलेला नाही. त्या अभयाची आठवण मात्र नावाने जपली आहे.

परंतु नावाचा अर्थ कळण्यास ती भाषा जाणणारी माणसे हवीत. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचे झाले, पण त्यात गेलिकला स्थान नव्हते. १८९१ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोक ती बोलत असत. २०२२ च्या जनगणनेत ही संख्या सुमारे ७० हजार भरली. २००५ मध्ये तिच्या संवर्धनासाठी कायदा झाला. डोंगराळ प्रदेशातील अनेक पाट्यांवर आता इंग्रजीबरोबर गेलिक नावेही लिहिलेली असतात.

‘अपोर’ हा शब्द बोलणारे कोणी उरले नाही, म्हणून त्याचे सफरचंद झाले. ‘अ खोमरिख’ची तशी गत होऊ नये, यासाठी गेलिक भाषा मुलांच्या मुखी राहणे अवश्य आहे.

शब्दार्थ : दंडक = नियम. निवर्तणे = मरण पावणे. संवर्धन = जोपासना.

स्वाध्याय
१. ‘अपोरक्रोसान’चे ‘ॲपलक्रॉस’ कसे झाले?
२. गेलिक भाषिक या गावास अभयस्थान का म्हणतात?
३. तुमच्या गावाच्या नावाचा अर्थ वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.