विहीर खणण्याआधी खडक ओळखा



गटातून फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "साहेब, बांधापलीकडच्या विहिरीला वैशाखातही पाणी, आणि आमची फाल्गुनातच तळ दाखवते. असं का?" कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी पाणाड्याला. खरे उत्तर पायाखालच्या खडकात आहे. खडकांचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे भूगर्भशास्त्र. सोने, कोळसा, तेल शोधणे एवढेच त्याचे काम नव्हे; आपल्या विहिरीचे पाणीही त्याच्याच कक्षेत येते.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा आला. असे थरावर थर बसले. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांसारख्या उतारांत ते दिसतात. थराचा मधला भाग बहुधा घट्ट असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे छिद्रांचा होतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. पाणी साठते ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. भेगा नसलेला अखंड कातळ पाणी धरत नाही, मग कितीही खोल जा.

ही चूक आम्ही घरच्या शेतातही केली. हातावरच्या नारळाने दाखवलेल्या जागी कर्ज काढून बोअर घेतले. सव्वादोनशे फुटांपर्यंत नुसता धुरळा निघाला! नंतर एका भूवैज्ञानिकाने शेजारच्या विहिरीच्या भिंतीच दाखवल्या. तिथे मुरूम वीस फूट. आमच्याकडे जेमतेम सहा, खाली सगळा कातळ. पैसे गेले, शहाणपण तेवढे पदरात पडले.

तेव्हा नवी विहीर वा बोअर घेण्याआधी एवढे करा :

१) उन्हाळ्यात आसपासच्या दोन-तीन विहिरी पाहा. झरा किती फुटांवर, कोणत्या दगडातून येतो, ते टिपून ठेवा.

२) भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा. जमिनीत वीजप्रवाह सोडून खडक अजमावता येतो. ओला, झिजलेला खडक वीज सहज जाऊ देतो, कोरडा कातळ अडवतो. यातून अंदाज मिळतो, हमी नव्हे.

३) खोदकामात लागलेला प्रत्येक थर वहीत लिहा. पुढच्या पिढीला तो कामी येईल.

शेवटी एक कटू गोष्ट. पाण्याचा थर सातबारा बघत नाही. एकाने खोल जाऊन उपसा वाढवला की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. तो मग आणखी खोल जातो, आणि कर्ज मात्र दोघांच्या डोक्यावर बसते. ऊस वाढवणे हे आमचे कामच, तरीही सांगतो : लागणीआधी विहिरीतले पाणी मोजा. वैशाखात जेवढे क्षेत्र भिजेल तेवढाच ऊस लावा, आणि तोही ठिबकवर. वाळलेल्या चार एकरांपेक्षा भरलेले दोन एकर केव्हाही बरे.