लॅपटॉप सुरू होत नाही? आधी फॉरमॅट मारू नका!

मित्रांनो, "लॅपटॉप चालूच होत नाहीये" हे वाक्य हॉस्टेलवर आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतेच. आणि त्यावरचा सल्लाही ठरलेला, "फॉरमॅट मार रे!" गेल्या गणपतीत हाच सल्ला मला मिळाला होता. तो ऐकला असता तर काय झाले असते, ते आठवून आजही अंगावर काटा येतो.

आमचे घर श्रीवर्धनला. घरी दहा-बारा वर्षांचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर मीच लिनक्स टाकून दिले होते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले आणि आमच्याकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचे रोप लावले की उत्पन्न सुरू व्हायला पाच-सहा वर्षे तरी जातात. कुठल्या ओळीत कधी रोप लावले, कुठले मेले, खर्च किती झाला, हे सगळे बाबा तेव्हापासून त्या लॅपटॉपवर लिहून ठेवतात. दुसरी कॉपी? अर्थातच नव्हती!

मी घरात पाय ठेवतो तोच बाबा म्हणाले, "अरे, तुझं ते लिनक्स बिघडलंय." बटण दाबले, तर पंखा फिरतोय, दिवा लागतोय आणि स्क्रीन मात्र काळी. आता हे लिनक्समुळे आहे का? तेच शोधायचे कसे, ते पायरीपायरीने पाहू.

पायरी १ : वीज. अ‍ॅडाप्टरवर लिहिलेले व्होल्ट (बहुतेक १९ च्या आसपास) मल्टिमीटरवर मिळतात का ते बघा. मग अ‍ॅडाप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत साठलेला चार्ज निघून जातो. त्यानंतर फक्त अ‍ॅडाप्टरवर चालू करा. माझ्याकडे वीज ठीक होती.

पायरी २ : बिघाड स्क्रीनचा की मशीनचा? कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे, तर मशीन बहुधा जिवंत आहे. मग बाहेरचा मॉनिटर जोडून बघा, किंवा टॉर्च तिरका धरा. अंधुक चित्र दिसले तर फक्त बॅकलाइट गेलाय. माझा कॅप्स लॉक ढिम्म. म्हणजे मशीन स्वतःची सुरुवातीची तपासणीच पूर्ण करत नव्हते. इथपर्यंत हार्डडिस्क वाचलीच जात नाही, त्यामुळे लिनक्स निर्दोष!

पायरी ३ : रॅम. मागचे झाकण उघडण्याआधी बॅटरी काढा आणि एखाद्या धातूच्या मोठ्या वस्तूला हात लावा, नाहीतर अंगातली स्थिर वीज चिपला मारक ठरते. समुद्राकाठी खिडकीच्या लोखंडी गजाचे काय होते ते आपण बघतोच. खारी दमट हवा लॅपटॉपलाही सोडत नाही. रॅमच्या पट्ट्यांवर पांढुरका थर आला होता. साध्या खोडरबरने हलके पुसले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केले आणि एकेक पट्टी आलटून पालटून लावली. पहिली लावली, स्क्रीनवर लोगो! दुसरी लावली, पुन्हा काळोख. दुसरी गेलेली होती. लक्षात ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर गुण कशाने आला ते कळणार नाही. जी पट्टी चालली तिच्यावरही मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवावे.

पायरी ४ : बायॉस. तारीख भलतीच जुनी दिसली तर आतला ३ व्होल्टचा बटणसेल संपलेला असतो. त्याने सेटिंग पुसले जाऊन बूटचा क्रमही बदलू शकतो. तिथेच हार्डडिस्कचे नाव दिसते का तेही पाहून घ्या. माझ्याकडे दिसत होते.

मी खुशीत बूट केले. ग्रबचा मेनू आला आणि पुढे इनिट-रॅम-एफएसवर येऊन गाडी अडकली! वर "आय/ओ एरर" च्या ओळीच ओळी. इथेच मित्राचा फोनवरून सल्ला आला, "लिनक्स करप्ट झालंय, नवीन टाक." बाबा शेजारीच उभे होते. विचारत होते, "हिशेब गेले का रे सगळे?"

मित्रांनो, एरर लिनक्सने दाखवली म्हणून दोष लिनक्सचा होत नाही. पायरी ५ म्हणून लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट केले. सगळे सुरळीत चालले. म्हणजे आता संशयित एकच, हार्डडिस्क (आणि फार तर तिची केबल). डीमेसेज ही कमांड दिली, तर डिस्क वाचताना येणाऱ्या चुका त्यात दिसल्या. स्मार्टसीटीएलने डिस्कची तब्येत विचारली. त्यात "करंट पेंडिंग सेक्टर" म्हणजे वाचता न येणारे तुकडे आणि "रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर" म्हणजे बाद करून बदललेले तुकडे. दोन्ही आकडे शून्य असावेत. माझे नव्हते.

अशा डिस्कवर एफएससीके चालवू नका. ती कमांड डिस्कवर लिहिते आणि मरत्या डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेलेही घालवणे. आधी डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्या. हा प्रोग्राम चांगला भाग आधी उचलतो, खराब भागाशी नंतर झगडतो, आणि मॅपफाइल दिली तर मध्येच वीज गेल्यावरही तिथूनच पुढे सुरू होतो. आमच्याकडे त्या रात्री दोनदा गेली! फक्त कुठून कुठे कॉपी करायची ते एलएसबीएलकेमध्ये डिस्कचा आकार पाहून तीनदा खात्री करा. उलटे झाले तर कारभार आटोपला. एफएससीके चालवायचे ते त्या प्रतीवर.

सकाळी प्रत उघडली. वाडीचे काही फोटो अर्धे करडे झाले होते, ते गेलेच. हिशेबाची फाइल मात्र शाबूत निघाली. बाबा काही बोलले नाहीत, नुसता चहा आणून ठेवला.

चूक माझीही होती. पहिल्या दिवशी मी बटण वीसेक वेळा तरी दाबले असेल, आणि रॅमचा दोष सापडताच शोध संपला असे धरून चाललो. जुन्या मशीनमध्ये एकाच वेळी दोन दोष असू शकतात. आता तीच फाइल दर रविवारी पेनड्राइव्हवर जाते, बाबाच आठवणीने करतात.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी "फॉरमॅट मार" म्हणाले, तर त्याला आधी विचारा, "कॅप्स लॉकचा दिवा लागतोय का?"