'देव' या शब्दाचा अर्थविचार

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या ब्रह्मविद्येत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र व अनादी पदार्थ सांगितले आहेत. शास्त्राच्या परिभाषेत देवता आणि परमेश्वर यांची सरमिसळ कोठेही होत नाही. परंतु व्यवहारातील मराठीत 'देव' हा दोन अक्षरांचा शब्द दोहोंसाठी सर्रास वापरला जातो. उपदेशी म्हणतो 'देवाला शरण जावे', आणि ऐकणारा आपापल्या घरातील, शिवेवरील किंवा कुळातील देवाकडे मनाने वळतो. बोलणाऱ्याचा अर्थ एक व ऐकणाऱ्याचा दुसरा, अशा स्थितीत निरूपण कितीही शुद्ध असले तरी ते पोहोचत नाही. म्हणून या शब्दाचे कूळ व प्रवास पाहणे हा केवळ भाषाशास्त्राचा विनोद नव्हे.

पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. येथील वारली समाजात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, त्याला 'देवचौक' म्हणतात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. चौक लिहिण्याचे काम सुवासिनींचे आणि लग्न लावण्याचे धवलेरीचे. रानाच्या वाटेवर लाकडी खांबावर वाघ कोरून वाघदेव पुजला जातो. हिरवा देव, नारनदेव आणि धान्याची देवता कणसरी ही नावेही याच परंपरेतील आहेत. विवळवेढे येथील महालक्ष्मीच्या चैत्री यात्रेला महाराष्ट्र व गुजरात अशा दोन्ही बाजूंनी लोक येतात. आणि याच डहाणू तालुक्यात, बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत, पारशी व इराणी कुटुंबे राहतात. त्यांच्या धर्मग्रंथांच्या भाषेत हाच शब्द अगदी उलट अर्थाने येतो. दोन कोसांच्या अंतरावर एक शब्द पूज्य आणि तोच शब्द त्याज्य!

संस्कृत वैयाकरण 'देव' हा शब्द 'दिव्' धातूपासून साधतात. धातुपाठात या धातूचे क्रीडा, विजिगीषा, व्यवहार, द्युती, स्तुती, मोद, मद, स्वप्न, कांती व गती असे दहा अर्थ दिले आहेत. यास्काचार्यांनी दान, दीपन, द्योतन आणि द्युलोकात राहणे अशा चार वाटांनी त्याची उपपत्ती लावली. यांपैकी प्रकाश व द्युलोक हे अर्थ आधुनिक भाषाशास्त्राला मान्य आहेत. दानाशी जोडलेला संबंध अर्थाने गोड असला तरी धातू वेगळा आहे. तलासरीच्या शिवेपलीकडे गुजरातीत 'देवुं' म्हणजे कर्ज. तो शब्द 'दा' म्हणजे देणे यापासून आला, देवाशी त्याचे नाते नाही. तसेच मराठीतील 'दिवस' हा 'दिव्'च्या कुळातला, पण 'दिवा' मात्र 'दीप'पासून आला. दिसण्यातील सारखेपणा किती फसवतो, ते यावरून कळावे.

युरोपच्या भाषांत या कुळाचा विस्तार मोठा आहे. लॅटिन 'देउस', लिथुआनियन 'दिएवास' आणि जुन्या आयरिश भाषेतील 'दिआ' हे सर्व ईश्वरवाचक शब्द 'देव'चे सख्खे भाऊ होत. वेदातील 'द्यौः' आणि ग्रीक 'झ्यूस' हे एकाच मुळाचे, तर 'द्यौष्पितर्' आणि रोमन 'ज्युपिटर' यांची जोडी प्रसिद्धच आहे. इंग्रजी 'ट्यूजडे' या वारनामात जो 'तिऊ' नावाचा जुना देव आहे, तोही याच घरचा. उलट, ग्रीक 'थेओस' कानाला जवळचा वाटला तरी त्याचे मूळ निराळे. इंग्रजी 'डेव्हिल' ग्रीक 'दिआबोलोस' या निंदकवाचक शब्दापासून आला, म्हणून 'देव' व 'डेव्हिल' एकच असे सांगणाऱ्यांचे म्हणणे टिकत नाही.

इराणची गोष्ट मात्र खरोखर विचार करायला लावणारी आहे. अवेस्तेत 'दएव' म्हणजे सत्याचा वैरी, दुष्ट शक्ती. जरथुष्ट्राचा अनुयायी आपल्या धर्मस्वीकारात स्वतःला मज्दाचा पूजक आणि दएवांचा त्याग करणारा असे घोषित करतो. 'वेंदिदाद' या ग्रंथाच्या नावाचा मूळ अर्थच 'दएवांविरुद्धचा नियम' असा आहे, आणि त्यातील दएवांच्या नावांत इंद्र व नाओंघइथ्य, म्हणजे आपल्याकडील नासत्य, ही नावे येतात. याच्या उलट 'अहुर' तेथे परमपूज्य. आपल्याकडे ऋग्वेदात 'असुर' हे वरुणाचेही गौरवाचे विशेषण होते, पुढे ते दैत्यवाचक झाले. फारसीत 'दएव'चा 'दीव' झाला आणि शाहनाम्यात रुस्तुमाने पांढऱ्या दीवाला मारल्याची कथा आली.

हा इतिहास डहाणूला परका नाही. संजाणच्या पाडावानंतर पारशांनी आपला पवित्र अग्नी बाहरोटच्या डोंगरातील लेण्यांत बारा वर्षे जपला, असे 'किस्से-संजान' (इ. स. १५९९) सांगतो. तो डोंगर डहाणू तालुक्यातच आहे. तोच अग्नी पुढे अनेक स्थाने पाहून इ. स. १७४२ मध्ये उदवाड्यास स्थिरावला. ज्या डोंगरात दएवांचा त्याग करणाऱ्यांनी अग्नी राखला, त्याच्या पायथ्याच्या पाड्यांत वाघदेवाची पूजा होत राहिली. दोन्ही समाजांत यावरून कलह झाला नाही, कारण शब्द सारखा असला तरी बोट वेगवेगळ्या वस्तूंकडे होते.

आपल्याकडेही या शब्दाने कमी वळणे घेतलेली नाहीत. याच जिल्ह्यातील सोपारा येथे इ. स. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. अशोकाचे बिरुद 'देवानांप्रिय', आणि पुढील व्याकरणकारांनी त्याच शब्दाचा अर्थ 'मूर्ख' असा नोंदवला. नाटकांत राजाला 'देव' म्हणून संबोधतात. यादवकाळात रामदेव, नागदेव, चांगदेव अशा नावांत तो केवळ आदराचा प्रत्यय आहे. मराठीत 'देवी' हे रोगाचेही नाव झाले. इतक्या जागी राहिलेल्या शब्दाकडून एकच नेमका अर्थ मागणे हा त्याच्यावर अन्याय होय.

'देवता' या शब्दाचा प्रवास त्याहून वेगळा. भारतातून पश्चिमेस गेलेल्या रोमा लोकांच्या भाषेत त्याचा 'देवेल' झाला आणि त्याचा अर्थ झाला एकमेव ईश्वर. थाई भाषेत तो 'थेवदा' होऊन स्वर्गीय परिचरांपुरता उरला. एका टोकाला देवता परमेश्वराच्या जागी बसली, दुसऱ्या टोकाला सेवकांत गेली.

येथे शास्त्राची भूमिका नीट ध्यानी घ्यावी. ती वैदिकांची नव्हे आणि इराण्यांचीही नव्हे. देवता खोट्या आहेत किंवा दुष्ट आहेत, असे ब्रह्मविद्या म्हणत नाही. त्या आहेत, त्यांना सामर्थ्य आहे, कर्मभूमीच्या देवतांपासून चैतन्यमायेपर्यंत त्यांचे थोवे आहेत, आणि प्रत्येक देवता आपल्या पायरीनुसार फळ देते. परंतु देवता नित्यबद्ध आहे. जीव बद्धमुक्त आहे, म्हणजे बद्ध असूनही सुटण्यास योग्य आहे. जी स्वतः नित्यबद्ध ती दुसऱ्याला कशी सोडवील? नित्यमुक्त एक परमेश्वरच. म्हणून देवतेचे फळ नाशवंत आणि परमेश्वरापासूनच मोक्ष. हा भेद निंदेचा नसून अधिकाराचा आहे. काही वासनिक उत्साहाच्या भरात शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याची थट्टा करतात, त्यांनी हे वारंवार वाचावे.

डहाणू-तलासरीकडे ज्याला निरूपण करावयाचे आहे त्याने, या कारणाने, 'देव' शब्दापासून आरंभ करू नये. समोरच्याने वाघदेव म्हटले तर तो शब्द त्याचा त्याला राहू द्यावा. वाघदेवाकडे काय मागता, एवढे विचारावे. गुरांचे रक्षण, असे उत्तर येईल. कणसरीकडे काय? धान्याची बरकत. मग जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका कोणाकडे मागावी, हा प्रश्न ठेवावा आणि थांबावे. त्यानंतरच 'परमेश्वर' हा शब्द उच्चारावा. तो 'ईश्' म्हणजे सत्ता चालवणे या धातूचा. प्रकाशाच्या कुळातील 'देव' शब्दाशी त्याची गल्लत होण्याचे कारण नाही. ऐकणाऱ्याने तरीही 'म्हणजे मोठा देव ना?' असे विचारले, तर घाईने होय म्हणू नये. मोठेपणाने देवता परमेश्वर होत नाही, हे सांगण्यासाठी आणखी एक बैठक लागली तरी चालेल.