तारखांच्या रात्री

सोनोग्राफी झाली की डॉक्टर कागदावर तीन तारखा लिहून देतात, ‘या दिवशी एकत्र या.’ नेमकी त्याच आठवड्यात नवऱ्याची रात्रपाळी असते, सणसवाडीला नाहीतर रांजणगावला. सकाळी तो शिक्रापूरच्या दोन खोल्यांत परततो, तेव्हा बाहेर सासूबाई चहा टाकत असतात आणि बायको खुणेनं सांगते, ‘आज आहे.’ अशा वेळी शरीरानं साथ दिली नाही, तर नवल काय? पण तिला वाटतं, ह्यांना मूल नकोच आहे. त्याला वाटतं, हिला मी नको, फक्त मूल हवंय. बोलत कुणीच नाही. पाळी आली की घरात अबोला.

ऐन तारखेला ताठरता न येणं हा बहुतेक वेळा ताणाचा परिणाम असतो आणि तो तात्पुरता असतो. त्यासाठी रस्त्याकडेच्या तंबूतली पुडी नको. जिममधलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन तर मुळीच नको. त्यानं शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

मुळात या तारखांची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही. स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील, तर योग्य दिवस आपोआप साधतो. आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा टेस्ट ट्यूबचे उपचार चालू नसतील, तर ‘कॅलेंडर बाजूला ठेवलं तर चालेल का?’ असं डॉक्टरांना सरळ विचारा. आणि काही रात्री नुसतं जवळ झोपा, कशासाठीही नाही. कोरडेपणानं दुखत असेल तर तेही सांगा. थुंकी वापरू नका, त्यानं शुक्राणूंची हालचाल मंदावते.

वीर्याचा नमुना द्यायच्या खोलीत अनेकांना घाम फुटतो. घरून आणायचा तर साधारण तासाभरात पोहोचवावा लागतो, आणि वाघोलीच्या कोंडीत तास कसा जातो हे तुम्हाला माहीत आहेच. त्यापेक्षा आधीच नमुना गोठवून ठेवायची सोय विचारा.

आणखी एक. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी वर्षभर गोळ्या, सुया, नवस सगळं बाईच्याच वाट्याला! वीर्यतपासणी अगदी सुरुवातीलाच करा. आणि ‘काही आहे का गं?’ असं नणंदेनं विचारलं, तर उत्तर तिच्या भावानं द्यावं. डोहाळजेवणाला जायचं नसेल, तर सुनेला कुणी ओढून नेऊ नये.

टेस्ट ट्यूब केंद्रांनी जोडप्याचं समुपदेशन करणं २०२१च्या कायद्यानं बंधनकारक आहे. ते हक्कानं मागा, दोघांनी बसा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एखादा महिना उपचारांना सुट्टी द्यावीशी वाटली तरी विचारा. बायकोचं वय पस्तिशीच्या आत असेल तर बहुधा चालतं, पुढे मात्र सल्ल्यानंच.