पाण्यावर आवाज करणारी आमिषे : निवड आणि वापर

वस्तू विकत घेणारा एक आणि तिची परीक्षा घेणारा दुसराच, असे धंद्यात अनेकदा घडते. खेळणे बाप विकत घेतो, पण ते पास की नापास हे पोर ठरवते. मासे पकडण्याच्या कृत्रिम आमिषाचेही तसेच आहे. रंग आणि चकाकी पाहून दुकानात पैसे मोजतो तो माणूस. पण आमिष चालले की नाही याचा निकाल देतो मासा, आणि तोही पुष्कळदा आवाजावरून. आजच्या लेखात आम्ही अमेरिकेत बास माशासाठी वापरल्या जाणाऱ्या, पाण्यावर राहून आवाज करणाऱ्या आमिषांची माहिती देत आहोत. लाकूड, पत्रा, तार आणि रबर यांचे काम करणाऱ्या कारागिरांना यात ओळखीचे पुष्कळ सापडेल. व्यापारी बंधूंना कोणता माल कोणत्या गिऱ्हाइकाला द्यावा हे कळेल.

मासा आणि त्याचा कान

बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा शिकारी मासा. त्याच्या दोन जाती गळवाल्यांच्या विशेष आवडीच्या आहेत. मोठ्या तोंडाचा बास गवताळ, संथ पाण्यात राहतो. लहान तोंडाचा बास स्वच्छ, खडकाळ नद्या आणि तलाव पसंत करतो. दोन्ही जाती दबा धरून बसतात आणि बेडूक, लहान मासे, पाण्यात पडलेले किडे यांच्यावर खालून झडप घालतात. आपल्याकडचा मरळही पृष्ठभागावरच्या बेडकावर असाच तुटून पडतो.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500 मीटर. माशाला बाहेर कान दिसत नसले तरी डोक्याच्या आत कान असतो. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना एक संवेदनशील रेषा असते, तिच्यामुळे त्याला जवळच्या पाण्याची हालचाल समजते. म्हणून गढूळ पाण्यात किंवा अंधारातही तो आवाजाच्या रोखाने येतो. मात्र जो आवाज त्याला बोलावतो, तोच अवाजवी झाला तर त्याला पळवूनही लावतो. या लेखाचे सार एवढेच आहे : आवाज मोठा हवा असे नाही, पाण्याला शोभेल असा हवा.

हा हुन्नर कसा वाढला

मिशिगन राज्यातील डोवाजिॲक गावच्या जेम्स हेडन यांची गोष्ट नेहमी सांगितली जाते. तळ्याकाठी बसून चाकूने लाकूड तासता तासता त्यांनी एक तुकडा पाण्यात फेकला आणि बासने त्यावर झडप घातली. गोष्ट किती खरी ते असो, पण हेडन यांनी लाकडाची आमिषे कोरली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा कारखाना उभा राहिला.

ओहायो राज्यातील अक्रन हे टायर आणि रबर यांचे शहर. तेथील फ्रेड आर्बोगास्ट यांनी 1938 च्या सुमारास ‘जिटरबग’ बाजारात आणला. याच्या तोंडाशी दोन बाजूंना पसरलेला, वाटीसारखा खोलगट पत्र्याचा ओठ असतो. ओढले की तो डावी-उजवीकडे डुलतो आणि गुडगुड आवाज करतो. त्यानंतर त्यांचा ‘हुला पॉपर’ आला. त्याचे तोंड आत खोल आणि मागे रबराच्या पट्ट्यांची झालर. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा जिटरबगचा ओठ प्लॅस्टिकचा करावा लागला. युद्ध संपल्यावर पुन्हा धातू आला.

मुख्य प्रकार

1) पॉपर : तोंड खोलगट. झटका दिला की पाणी उडते आणि ‘बुळुक्’ असा आवाज होतो. तोंड जितके खोल तितका आवाज भारी. जागेवर थांबवून खेळवता येतो, म्हणून एखाद्या बुंध्याशेजारी किंवा गवताच्या कडेला तो उत्तम.

2) पंख्याचे आमिष : लांबट लाकडी किंवा प्लॅस्टिकचे अंग, एका किंवा दोन्ही टोकांना पत्र्याचा छोटा पंखा. लुइझियाना राज्यातील स्मिथविक कंपनीचा ‘डेव्हिल्स हॉर्स’ हा प्रसिद्ध नमुना. झटक्यासरशी तो फरफर करून पाणी फाडतो.

3) ओठाचे आमिष : म्हणजे जिटरबगसारखे. याला कसब कमी लागते. टाकावे आणि एका लयीत ओढावे. उन्हाळ्याच्या रात्री हे विशेष चालते. तेव्हा काळा रंग घेतात, कारण खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळी आकृती ठळक दिसते.

4) बझबेट : वाकवलेली तार, तिच्यावर गरगर फिरणारे मोठे पाते आणि खाली झालरीत दडलेला एकच गळ. हे तरंगत नाही, थांबले की बुडते. म्हणून पाण्यावर पडताच ओढायला सुरुवात करावी. मोठा भाग लवकर धुंडाळायचा असेल तर हे घ्यावे.

5) फिरत्या शेपटीचे आमिष : अलीकडच्या काळात लॅरी डालबर्ग यांचा ‘व्हॉपर प्लॉपर’ फार गाजला. याचा मागचा भाग सबंध फिरतो आणि ‘प्लप-प्लप’ आवाज करतो. सरळ, एका वेगाने ओढले की काम होते. म्हणून नवशिक्या गिऱ्हाइकाला हे द्यायला हरकत नाही.

पाणी पाहून निवड

पाणी आरशासारखे शांत आणि स्वच्छ असेल तर लहान पॉपर घ्यावा आणि हलकेच खेळवावा. वाऱ्याने लाटा उठल्या असतील, पाणी गढूळ असेल किंवा गवत दाट असेल, तर मोठ्या आवाजाचे पंख्याचे आमिष किंवा बझबेट घ्यावे. गवतात तीन आकड्यांचे उघडे गळ अडकतात, तेथे एका गळाचे बझबेट सोयीचे. पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दिवस या उत्तम वेळा. पाणी साधारण 15-16 अंश सेल्सियसच्या वर गेले की पृष्ठभागावरचे काम सुरू होते, असा गळवाल्यांचा ठोकताळा आहे. दुकानदाराने गिऱ्हाइकाला रंग विचारण्याआधी हे विचारावे : पाणी कसे, वेळ कोणती, गवत आहे का?

वापरताना होणाऱ्या चुका

पहिली चूक घाईची. पॉपर पाण्यावर पडला की त्याची वलये विरेपर्यंत थांबावे. मग दोरा किंचित सैल ठेवून मनगटाचा छोटा झटका द्यावा आणि पुन्हा थांबावे. पुष्कळदा मासा थांबलेल्या आमिषावरच येतो.

दुसरी चूक घाबरण्याची. पाणी उसळलेले दिसताच काठी खेचली, तर गळ माशाच्या तोंडातून निसटतो. डोळ्यांनी पाहिले म्हणून खेचू नये. काठीवर वजन जाणवले की मग खेचावे. हा एक नियम पाळला नाही तर महाग आमिषही फुकट जाते.

तिसरी चूक दोऱ्याची. फ्लोरोकार्बनचा दोरा बुडतो आणि पॉपरचे तोंड खाली ओढतो. येथे साधा नायलॉनचा तंगूस किंवा विणलेला दोरा घ्यावा, तो वर राहतो. गाठ आवळून न बांधता छोटा फास ठेवला किंवा कडी लावली, तर आमिष मोकळे हलते.

कारागिराच्या नजरेने

नवे बझबेट हातात आले की आपला कारागीर पहिल्यांदा पात्याच्या कण्यावर तेलाचा थेंब सोडील. येथे मात्र तेल घालायचे नाही! पाते मागच्या रिव्हेटवर घासून जी कुरकुर होते तीच या मालाची कमाई आहे. अमेरिकेत काही मंडळी नवे बझबेट चालत्या मोटारीच्या खिडकीबाहेर धरून वाऱ्यावर फिरवतात, ते पात्याला आवाज यावा म्हणूनच. पाते किंचित वाकवले की वेग आणि सूर दोन्ही बदलतात. पंख्याच्या आमिषाचेही असेच आहे. एकाच पेटीतल्या दोन नगांचा आवाज सारखा नसतो. म्हणून नग बादलीत नव्हे, मोकळ्या पाण्यात ओढून ऐकावा, आणि चांगला बोलणारा नग वेगळा ठेवावा.

गळाची धार नखावर पाहावी. टोक नखावर हलकेच टेकवून सरकवले असता अडले तर ठीक, घसरले तर घासावे किंवा गळ बदलावा. मासा सोडवताना लांब चिमटा हाताशी असू द्या. तडफडणाऱ्या माशाच्या तोंडात एक आकडा आणि आपल्या बोटात दुसरा, अशी गत तीन आकड्यांच्या गळाने सहज होते. फेकण्यापूर्वी मागे कोण उभे आहे ते पाहावे.

शेवटी एक इशारा

हा मासा शिकारीसाठी इतर देशांतही नेला गेला. दक्षिण आफ्रिकेत मोठ्या तोंडाचा बास 1928 साली आणला गेला. केप टाऊनला आपल्या कोकणातली मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. तेथील कुणा नातलगाला आमिषांची ही माहिती उपयोगी पडेल. पण त्याच देशाचा दुसरा अनुभवही ध्यानात ठेवला पाहिजे. तेथील नद्यांतले लहान देशी मासे या पाहुण्याने खाऊन फस्त केले आणि काही ठिकाणी ते दिसेनासे झाले. तेव्हा हौसेपोटी बासची पिले आपल्या तळ्यात-धरणात आणून सोडण्याचा विचार कोणी करू नये. आमिषाचा हुन्नर जरूर शिकावा, मासा मात्र त्याच्या पाण्यातच राहू द्यावा.

आमिष विकत घ्या किंवा स्वतः बनवा, पेटीत ठेवण्यापूर्वी एकदा पाण्यावर ओढून त्याचा आवाज ऐका. गिऱ्हाइकाचे डोळे दुकानात फसतील, माशाचा कान पाण्यात फसत नाही.