कर्ज डोक्यावर असता सण करावा काय?

कर्जदाराने सणास एक पैही खर्चू नये, असे कित्येकांचे मत आहे. आम्हांस ते अव्यवहार्य वाटते. हिंदुस्थानातील मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही कमिशनला 1931 साली असे आढळले की, बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश मजूर कर्जात होते. आणि कारणांत सण, विशेषतः लग्ने, अग्रभागी होती. दरमहा रुपयास एक आणा व्याज तेव्हा सर्रास चाले; म्हणजे दहा रुपयांस सालाचे साडेसात!

आता नागपुराकडे पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. शेजारची मुले लाकडी बैल घेऊन निघाली असता आपल्या मुलास घरात कोंडणारा बाप आम्ही तरी पाहिला नाही. तो आदल्या संध्याकाळी उसने काढतो. परंतु सण काही अकस्मात येत नाही. हप्ता वेळेवर भरून, आठवड्यास वीस रुपये सणाकरिता बचत गटात निराळे ठेविले, तर वर्षाचे 1,040 होतात. बैलही दरसाल नवा नको. गतवर्षीचाच रंगवावा, मुलाकडूनच रंगवून घ्यावा. लग्नाचा खर्च मात्र ह्या थैलीतून निघणार नाही. त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहू.