पंपाच्या स्टोव्हची निगा : कारागिरांसाठी चार गोष्टी

भिवंडीत साइझिंगचे बॉयलर सांभाळायला परवानाधारक माणूस असतो. पण रंगाचा नमुना उकळायचा, थोडी खळ शिजवायची, तर काम पंपाच्या स्टोव्हवरच होते, आणि त्याच्याकडे कुणाचे लक्ष नसते. आम्ही कापडवाले, मिस्त्री नव्हे. पण आच मध्येच उतरली की नमुन्याची छटा बदलते आणि पार्टी माल परत करते, म्हणून ही यंत्रणा आम्हाला समजून घ्यावी लागली.

स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने 1892 साली काढलेल्या प्रायमसचेच तत्त्व आजही चालते. टाकीतील हवा घासलेट वर ढकलते, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक भोकातून सुटलेली ही वाफ जळते. म्हणजे घासलेट नव्हे, वाफ जळली पाहिजे. पिवळी, धुरकट ज्योत दिसली तर समजावे की बर्नर नीट तापलेला नाही. पंप मारत बसू नये. हवेचा स्क्रू सोडावा, थंड होऊ द्यावे आणि काकडा स्पिरिटने पुन्हा पेटवावा. काकड्याला घासलेट वापरले तर बर्नरमध्ये काजळी धरते. बर्नर तापूनही ज्योत पिवळीच राहिली तर निपल पाहावा. जाड पिन घालून घालून भोक मोठे झालेले असते. तो निपल बदलावाच लागतो.

पंप हलका लागतो, हवा भरत नाही? चामड्याचा वॉशर सुकला आहे. काढून त्याला तेल द्यावे, कडा बोटाने पसरवाव्यात आणि दुमडणार नाही असा बसवावा. दांडा आपोआप वर येत असेल तर दोष पंपाच्या तळाच्या व्हॉल्व्हचा आहे, वॉशरचा नाही. इथे बरेच जण उगीच वॉशर बदलत बसतात. ज्योत फडफडत असेल तर घासलेटात पाणी किंवा कचरा आहे. कापडातून गाळून भरावे. टाकी पाऊणपेक्षा जास्त भरू नये, आणि स्टोव्ह गरम असताना तर मुळीच नाही. पेट्रोलचा थेंबही मिसळू नये, त्याची वाफ शून्याखालच्या थंडीतही पेटते. रेशनचे निळे घासलेट घरगुती चुलीसाठी दिले गेले, ते धंद्यात जाळणे कायद्यानेही गैर आणि ईमानदारीनेही. बाजारातले पांढरे घ्यावे.

आमच्या गावात खरी भीती रुईची. लूमच्या खोलीत तुळयांवर, तारांवर रुई साचते आणि ठिणगीची वाट पाहते. स्टोव्ह त्या खोलीत नको, वेगळ्या हवेशीर जागी हवा. बंद खोलीत विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो. जवळ वाळूची बादली आणि ओले पोते ठेवावे. पेटत्या घासलेटावर पाणी टाकले तर ते तरंगत पसरते. जोहरच्या नमाजला जाताना स्टोव्ह विझवूनच जावे, "पाच मिनिटांत येतो" म्हणून चालू ठेवू नये.

एका डब्यात वॉशर, पिना आणि एक निपल जास्तीचा असू द्यावा. नवा आणताना जुना निपल दुकानात सोबत न्यावा, नाहीतर आटे जुळत नाहीत आणि फेरी वाया जाते.